लाकूड ओरडत नाही

सिनेमा संपायला चार मिनिटं उरली होती. सभागृहातली दीड-दोनशे माणसं एकाएकी खुर्च्यांत सरसावून बसली, तेव्हाच कोशबाईंना कळायला हवं होतं की आता काहीतरी होणार.

कोशबाई या सिनेमाच्या भाषांतरकार. पडद्याच्या तळाशी ज्या ओळी उमटतात, त्या त्यांनी लिहिलेल्या. नाव पडलं ते जुन्या कचेरीत. कागद बनवण्याची यंत्रं स्वीडनहून मागवणाऱ्या कंपनीत त्यांनी एकोणीस वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या. कोणता स्क्रू आधी पिळायचा, कोणत्या पट्ट्याला हात लावायचा नाही, सगळं त्या भाषेतून आपल्या भाषेत. जेवणाच्या सुट्टीत कुणी एखादा शब्द सैल वापरला की हातातला घास खाली ठेवून म्हणायच्या, "कोशात असं नाहीये हं." निवृत्त झाल्यावर सिनेमाची कामं मिळू लागली. त्यांना हे काम आवडे. पुस्तिका कुणी वाचत नाही, सिनेमाच्या ओळी निदान वाचाव्या लागतात, असं त्यांना वाटायचं.

सिनेमाचं नाव 'वखार'. पन्नास वर्षांपूर्वीचा, स्वीडिश, स्वस्तातला, भडक. स्वतःच्याच देशात त्याच्यावर बंदी आली होती, आणि बंदी आली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चोरून बघणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. गोष्ट सरळ होती. लाकूड चिरण्याच्या गिरणीत टंकलेखन करणारी एक मुलगी. गिरणीतले चौघे तिच्या आयुष्याची माती करतात आणि गाव तोंड फिरवतं. मुलगी गाव सोडते, ट्रक चालवायला शिकते आणि सहा वर्षांनी परत येऊन चौघांना एकेक करून संपवते. शेवटचा नंबर गिरणीच्या मॅनेजरचा. त्याला ओंडक्याला बांधून ती करवत सुरू करते, त्याच्या कानाशी वाकते आणि एक वाक्य बोलते.

या एका वाक्यावर घोडं अडलं.

जुन्या कॅसेटवर कुणा अनामिकाने त्या जागी लिहिलं होतं, "लाकूड ओरडत नाही. तू ओरडशील." हे वाक्य पंथाचा मंत्र झालं. सदऱ्यांवर छापलं गेलं, कपांवर आलं, एकाने तर दंडावर गोंदवून घेतलं होतं. पण त्या कॅसेटवर करवतीच्या घरघरीत त्या मुलीचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता. आता सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत निघाली होती. तंत्रज्ञांनी घरघर मागे ढकलून आवाज पुढे आणला होता. कोशबाईंनी कानाला हेडफोन लावून ते वाक्य चाळीस वेळा ऐकलं. त्यात ना लाकूड होतं ना ओरडणं. ती मुलगी अगदी हळू, जवळजवळ लाजत म्हणत होती, "मला कुणी काही विचारलंच नाही."

कोशबाईंनी तेच लिहिलं. एका ओळीत बसलं, अडीच सेकंदांत वाचून होत होतं. स्वतःच्या कामावर त्या इतक्या खूश क्वचितच झाल्या होत्या.

आणि आता सभागृहात, करवत सुरू झाली, मुलगी वाकली, आणि अर्ध्याअधिक लोकांनी एका सुरात आरोळी ठोकली, "लाकूड ओरडत नाही! तू ओरडशील!"

पडद्यावर भलतीच ओळ उमटली.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ए, हे काय?" दुसरा म्हणाला, "चुकलं रे, चुकीचं लावलंय!" हशा पिकला, शिट्ट्या झाल्या, एक कागदी कप उडत येऊन पडद्यावर आपटला. सिनेमाच्या शेवटी ती मुलगी ट्रकमध्ये बसून तीन मिनिटं नुसती रस्त्याकडे बघते. कोशबाईंच्या मते तो सिनेमातला सगळ्यात चांगला भाग होता. तो कुणी पाहिलाच नाही.

नंतर चर्चा होती. महोत्सवाचे संचालक, पस्तिशीचे, सतत हसतमुख गृहस्थ, कोशबाईंना मंचावर घेऊन गेले. पहिलाच हात एका टोपीवाल्याचा वर झाला. त्याच्या छातीवर बिल्ला होता आणि बिल्ल्यावर तेच वाक्य.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही सिनेमाचा जीवच काढून घेतलात."

"मी काही काढलं नाही," कोशबाई म्हणाल्या. "ती जे बोलते ते लिहिलं."

"आम्ही वीस वर्षं ऐकतोय हे वाक्य."

"वाचताय. ऐकत नव्हता, वाचत होता. ऐकू येतच नव्हतं ते."

"बरं, मानलं. पण असं रडकं वाक्य ती का बोलेल? तीन माणसं मारून आलेली बाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या मागच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी उठून सांगितलं की मुळात वाक्य कोणतं हा प्रश्नच गौण आहे, कारण अर्थ प्रेक्षकच घडवतो. एका बाईंनी विचारलं की असला घाणेरडा सिनेमा सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात लावायला परवानगी कुणी दिली. एका गृहस्थांनी सांगितलं की डाव्या बाजूच्या खुर्च्या करकरतात. कोशबाई माईक हातात धरून उभ्या राहिल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर पालथा घडा दिसत होता आणि त्यावरून ओघळणारं पाणी.

घरी थोरली बहीण वाट बघत होती. दोघी एकत्र राहत. ताई ऑपरेशन थिएटरमधली नर्स, चौतीस वर्षं नोकरी करून घरी बसलेली. अजूनही भांडी विसळून ठेवताना ती चमचे मोजायची.

"कसा झाला गं कार्यक्रम?"

"दगडावर डोकं आपटलं."

"कुणाचं फुटलं?"

"माझं," म्हणून कोशबाई चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी महोत्सवाच्या पानावर प्रतिक्रियांचा ढीग पडला होता. कोशबाईंनी चहा घेत घेत त्या ताईला वाचून दाखवल्या. एकाने लिहिलं होतं, "भाषांतर करणाऱ्याला आधी सिनेमा दाखवा." दुसऱ्याने, "आजीबाईंना रक्त बघून चक्कर आली असेल, म्हणून बदललं." तिसऱ्याने चारशे शब्दांचं टिपण लिहून सिद्ध केलं होतं की करवतीचा वेग आणि 'ओरडशील' हा शब्द यांच्यात एक लय आहे. स्वीडिश येत असल्याचा दावा एकानेच केला होता, आणि त्याने उदाहरण म्हणून दिलेले तीन शब्द डॅनिश होते.

कोशबाईंनी त्याला उत्तर लिहिलं. मग टिपणवाल्याला. मग चक्करवाल्याला. दुपारपर्यंत त्यांची एकोणीस उत्तरं झाली आणि त्यांच्याखाली दीडशे नवी उत्तरं आली.

"अगं छोटे, चिखलात दगड मारला की आपल्याच अंगावर उडतो," ताई म्हणाली. "मिटव ते यंत्र आणि ऊठ."

"म्हणजे खोटं चालू द्यायचं?"

"सिनेमाच आहे ना तो? कुणाच्या पोटात कात्री थोडीच राहिलीय!"

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. आवाजातही हसू होतंच.

"मॅडम, अजून दोन खेळ आहेत आपले. लोक फार नाराज आहेत हो. मी म्हणतो, जुनंच वाक्य ठेवलं तर? एकच ओळ तर आहे."

"पुस्तिकेत 'बंद करा' च्या जागी 'सुरू करा' लिहिलं तर तीही एकच ओळ असते," कोशबाई म्हणाल्या. "माणसाचा हात जातो."

"इथे कुणाचा हात जात नाहीये ना पण."

"तुम्हाला पुरावा देते. पुरावा दिला तर ठेवाल?"

"बघतो ना," संचालक म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटी इथेच येऊन बसायचं.

पुरावा म्हणजे एकच होता. ते वाक्य बोललेली नटी अजून हयात होती. सिनेमा स्वच्छ करणाऱ्या संस्थेकडून कोशबाईंनी तिचा ई-मेल पत्ता मिळवला आणि आपल्याला येत होती तेवढी उत्तम स्वीडिश खर्च करून पत्र लिहिलं. पाच दिवस त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या मनातल्या मनात टोपीवाल्याशी भांडत होत्या, आणि मनातल्या भांडणात जिंकत होत्या.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. कोशबाईंनी ते ताईला एकेक ओळ भाषांतरित करून वाचून दाखवलं.

"प्रिय बाई," नटीने लिहिलं होतं, "त्या दिवशी फार थंडी होती आणि माझे बूट ओले झाले होते. वाक्य कागदावर लिहिलेलंच नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, ओठ हलव, काहीही बोल, करवतीच्या आवाजात कुणाला ऐकू येणार नाहीये. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही म्हणता तसं बोलले असेन तर बरंच केलं म्हणायचं. तो सिनेमा मी एकदाच पाहिला, त्याही वेळी अर्ध्यातून उठले. लोक मात्र अजून लिहितात. सगळ्यांना ते लाकडाचं वाक्य हवं असतं, म्हणून मी तेच लिहून सही करते. तुम्हालाही एक फोटो पाठवते आहे."

सोबत खरंच फोटो होता. पिकल्या केसांची बाई बागेत उभी होती आणि फोटोवर तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "लाकूड ओरडत नाही."

ताई हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला. कोशबाईंनी तिला पाणी दिलं, पण पेला असा आपटून ठेवला की अर्धं पाणी टेबलावर सांडलं.

तरी त्यांनी पत्राचं भाषांतर संचालकांना पाठवलं, "तुम्ही म्हणता तसं बोलले असेन" या शब्दांखाली रेघ ओढून. संचालकांनी उलट एक हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, "छानच! बघतो ना."

दुसऱ्या खेळाला कोशबाई ताईला बरोबर घेऊन गेल्या. रविवारची दुपार होती आणि सभागृह तुडुंब भरलं होतं. पहिल्या खेळाची भानगड ऐकून पाहायला आलेलेच जास्त. टोपीवालाही होता, या वेळी सात-आठ मित्रांना घेऊन. ताईने असला सिनेमा जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात ती दोनदा म्हणाली, "अगं बाई!" पहिला मेला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोशबाईंनी कपाळाला हात लावला. दुसरा मेला तेव्हा ताई पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून बसली होती. तिसऱ्याच्या वेळी ती पुटपुटली, "रक्त खोटं आहे. इतकं लाल नसतं."

मग गिरणी आली. ओंडका, दोर, मॅनेजर. करवत सुरू झाली. कोशबाई ओठ घट्ट मिटून पडद्याच्या तळाकडे बघत राहिल्या.

पडद्यावर उमटलं, "लाकूड ओरडत नाही. तू ओरडशील."

सभागृह दणाणलं. लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या, शेजारचा अनोळखी माणूस आनंदाने कोशबाईंचा हात धरून हलवू लागला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि ताईकडे पाहिलं.

ताई टाळ्या वाजवत होती. डोळे पाणावलेले, चेहरा तापलेला, आणि दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या.

कोशबाई उठल्या, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर गेल्या आणि मार्गिकेत संचालकांना गाठलं.

"तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही."

"मॅडम, ऐका ना आत, लोक किती खूश आहेत!"

"पत्र पाठवलं होतं मी तुम्हाला."

"हो, पण त्या बाईंनाच आठवत नाही म्हणतात. फोटोवर तर त्यांनी स्वतःच..."

"माझे कान आहेत ना? एकोणीस वर्षं त्या भाषेवर पोट भरलंय मी! तुमच्यापैकी एकाने, एकाने तरी ते नुसतं नीट ऐकलं का? प्रत तुमच्याकडे आहे. हेडफोन आहेत. अडीच सेकंद लागतात."

संचालकांचं हसू पहिल्यांदाच थोडं ढिलं झालं. "खरं सांगू? मी ऐकलं. तुमचं बरोबर आहे." आणि मग खांदे उडवून म्हणाले, "पण बरोबर असून काय करू मी?"

हे ऐकून कोशबाईंचा राग उतरायला हवा होता. उलट त्यांना नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. हा माणूस चुकला असता तर पटवून देता आलं असतं. पटलेल्या माणसाला आणखी काय पटवायचं?

"माझं नाव काढा," त्या म्हणाल्या. "पडद्यावरून, पत्रकावरून, सगळीकडून. उद्याच्या उद्या."

"बघतो ना..."

"बघू नका. काढा."

घरी जाताना दोघी बहिणी बसथांब्यावर उभ्या राहिल्या. बरीच माणसं त्याच सिनेमातून आलेली होती आणि अजून ते वाक्य एकमेकांवर फेकत होती. कोशबाई ताईकडे न बघता म्हणाल्या, "तूसुद्धा?"

"काय मीसुद्धा?"

"टाळ्या. मी पंधरा दिवस जिवाचं रान करतेय तुझ्या डोळ्यांदेखत. आणि तू त्या अडाण्यांबरोबर टाळ्या पिटतेस!"

बस आली, गर्दी होती म्हणून त्यांनी ती सोडली. मग ताई म्हणाली, "तुझं वाक्य खरं आहे गं. मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. पण ते मला नको होतं."

"म्हणजे?"

"मला कुणी विचारलंच नाही, हे काय सिनेमात जाऊन वाचायचं? ते मला पाठ आहे. निदान तिथे तरी तिने त्याला सुनवावं, असं वाटलं. सुनवलं तिने. बरं वाटलं मला."

"तुला कुणी काय विचारलं नाही?"

ताईने पर्सचा बंद उघडला, पुन्हा लावला. "ती चौकशी झाली होती ना माझी. सहा महिने घरी बसवलं होतं."

कोशबाईंना आठवलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका रोग्याच्या पोटात चिमटा राहिला होता, आणि हत्यारांची मोजणी ताईकडे होती. ताईला घरी बसवलं, मग परत घेतलं. घरात तो विषय कुणी काढत नसे. तिला त्रास नको, म्हणून.

"मी मोजले होते," ताई म्हणाली. "एक कमी होता. मी तसं बोलले मोठ्याने. मोठे डॉक्टर म्हणाले, तुझी मोजणी चुकली, शिवायला घेतोय. चौकशीत त्यांनी सांगितलं की नर्स काही बोललीच नाही. समितीने त्यांना विचारलं, भूलतज्ज्ञाला विचारलं, सामान पुरवणाऱ्याला विचारलं. मला बाहेर बाकावर बसवलं आणि संध्याकाळी कागद हातात दिला."

"मग तू घरी का नाही सांगितलंस?"

"तू तरी कुठे विचारलंस, छोटे?" ताईच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच कोशबाईंना तो आवाज सोसवेना. "तू मला त्या दिवसांत कोशातून शब्दकोडी काढून द्यायचीस. वेळ जावा म्हणून. मी सोडवायचे."

पुढची बस आली. दोघींना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. कोशबाई उभ्या माणसांच्या कोपरांमधून ताईचं डोकं शोधत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी ताईला स्वयंपाकघरात बसवलं आणि विचारलं. सगळं विचारलं. तारीख कोणती, वेळ काय, कोण कुठे उभं होतं, तू नेमके कोणते शब्द बोललीस. ताई आधी टाळत होती, मग बोलू लागली, आणि बोलू लागली ती थांबेना. मधेच उलट जायची, मधेच त्या रोग्याच्या बायकोची गोष्ट सांगायची. कोशबाईंना राहवलं नाही.

"थांब. आधी तू म्हणालीस 'एक कमी आहे'. आता म्हणतेस 'एक कमी वाटतोय'. दोन्ही सारखं नाही. नक्की काय म्हणालीस?"

"अगं, बावीस वर्षं झाली! मला काय आठवणार?"

"पण तेच तर महत्त्वाचं आहे ना!"

"तुला सांगते आहे ते ऐक आधी. नंतर तपास."

कोशबाईंनी जीभ चावली आणि ऐकलं. ऐकता ऐकता त्यांच्या हाताच्या मुठी वळत गेल्या. ताईचं संपलं तेव्हा त्या उठून कागद घेऊन आल्या.

"त्या डॉक्टरला पत्र लिहायचं. रुग्णालयाला लिहायचं. समितीतले जे कोणी असतील त्यांना. भाषा माझ्यावर सोड. त्याचा पत्ता दे."

"तो गेला, छोटे. चार वर्षं झाली. मी त्याच्या घरच्यांना भेटूनसुद्धा आले."

"तू भेटायला गेलीस? त्याच्या घरी?"

"सगळ्या नर्सेस चालल्या होत्या. मग मीही गेले. त्याच्या बायकोने कॉफी दिली."

"आणि प्यायलीस?"

"प्यायले. चांगली होती."

कोशबाईंनी कागदाचा बोळा केला, मग तो उलगडून सरळ केला, कारण कोरा होता. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस जगात उरला नव्हता, समिती कधीच विखुरली असणार, आणि रुग्णालयाची इमारतसुद्धा आता दुसरीकडे होती. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, अंगात चार माणसांचा राग होता आणि समोर फक्त ताई होती. ताई काही गुन्हेगार नव्हती. त्या ताईवरच ओरडल्या.

"कॉफी प्यायलीस! अगं, कॉफी कशी प्यायलीस तू!"

"ओरड, ओरड," ताई म्हणाली. "मला कुणी माझ्यासाठी ओरडलेलं आवडेल जरा." आणि उठून तिने गॅसवर दूध ठेवलं.

शेवटचा खेळ पुढच्या शनिवारी झाला. कोशबाई गेल्या नाहीत. संचालकांनी शब्द पाळला, नाव सगळीकडून काढलं. पडद्यावर भाषांतरकाराच्या जागी आता काहीच नव्हतं. महोत्सवाच्या पानावर प्रतिक्रियांचा पाऊस पडला. "अखेर सुधारलं!", "धन्यवाद आयोजक!", "आता कसं!". नाव गेल्याचं एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कोशबाईंनी उत्तर लिहायला बोटं उचलली, तेवढ्यात आतून ताईची हाक आली. तिला चौकशीतली आणखी एक गोष्ट आठवली होती, आणि या वेळी मधे बोलायचं नाही अशी अटही तिने आधीच घातली होती.

कोशबाईंनी संगणक तसाच उघडा सोडला आणि आत गेल्या. पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच त्या म्हणाल्या, "पण ताई, चिमटा म्हणजे नक्की कोणता?"